जाळीवरचा जिताडा

मंगळवार, २ मे

ठरलं. या महिन्यात अनंता, दत्तू आणि रावजी या तिघांना घरी जेवायला बोलवायचं आणि सगळं जेवण मी स्वतः करायचं. निखाऱ्यावर. आचारी नाही, कमळा नाही, सूनबाई नाही.

कमळाला सांगितलं तर म्हणाली, "एकोणतीस वर्षांच्या संसारात कधी चहा केला न्हाई."

मी म्हटलं, चहाला जाळ लागतो, याला निखारा लागतो. ती दोन वेगळी खाती आहेत.

आम्ही चौघं अठराव्या वर्षी रेवसला एकाच लाँचवर होतो. रावजी दोर टाकायचा, अनंता माल चढवायचा, दत्तू सुट्टीपुरता तिकिटं फाडायचा आणि मी इंजिनाच्या खोलीत तेल पुसायचो. पुढे दत्तू गुरुजी झाला आणि गेल्या साली रिटायर झाला. रावजीची रेवदंड्याला रिक्षा आहे. अनंताने बापाची खाडीकडची भातशेती धरली. मी इंजिन सोडलं नाही. आज रेवदंड्याला माझं वर्कशॉप आहे, सहा माणसं हाताखाली आहेत. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावलं की कोणता व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगतो. अजून चुकलेलो नाही.

तरी गेली दोन वर्षं हे तिघं माझ्याकडे बसत नाहीत. गणपतीला येतात, प्रसाद हातात घेतात, "पुढं जायचंय" म्हणतात. काय बिनसलं कळत नाही. अनंताच्या पोरीच्या लग्नात तर मी काही कमी पडू दिलं नव्हतं. हळदीला माझी तीन माणसं, टेम्पो, बर्फाच्या लाद्या, जनरेटर. मी स्वतः पुढच्या रांगेत खुर्चीवर होतो.

म्हणून यंदा असं जेवण घालायचं की उठायला सांगावं लागलं पाहिजे. घरामागच्या तळ्यात तीन वर्षांचा जिताडा मासा आहे. आमच्याकडे जिताडा तळ्यातून दोनच वेळा निघतो. जावई पहिल्यांदा जेवायला आला की, नाहीतर साहेबाच्या टेबलावर कागद अडला की. मित्रांसाठी कोणी काढल्याचं ऐकलेलं नाही. मी काढणार.

शुक्रवार, ५ मे

जाळी तयार झाली. डिझेलचा जुना ड्रम उभा चिरून आधी भट्टीत लाल करून घेतला, म्हणजे वासाचा प्रश्न मिटला. वर स्टेनलेसच्या सळ्या. पाय असे लावलेत की उंची चार बोटं वर-खाली करता येते. वेल्डिंग कोणाला करू दिलं नाही. वर्कशॉपमधली पोरं कौतुकाने बघत होती. पगार माझ्याकडून घेतात, त्यामुळे कौतुक किती धरायचं ते मला कळतं, पण जाळी खरंच देखणी झालीय.

दुपारी मुंबईच्या शेठच्या स्पीडबोटीचं काम संपवलं. दोन जण बघून गेले होते, कोणाला सापडत नव्हतं. मी पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, पाण्याचा पंप. तोच निघाला. शेठ खूश. स्वतःच्या गाडीतून मला घरी सोडलं. काचा खाली करून बसलो होतो, बाजारातल्या सगळ्यांनी पाहिलं.

गाडीत म्हणाला, "खाडीकडे ते अनंता म्हणून कोणी आहेत, ओळखता का?"

"ओळखतो म्हणजे काय," मी म्हटलं, "लंगोटीयार आहे. माझा शब्द खाली पडू देत नाही."

त्याने मान डोलावली. मोठी माणसं आपल्या मित्रांचीही चौकशी करतात, हे बरं वाटलं.

रविवार, ७ मे

आमंत्रणं केली. वार ठरवण्यात निम्मा वेळ गेला. अनंताचा सोमवार, कमळाचा मंगळवार, दत्तूचा गुरुवार, रावजीचा शनिवार. मासा खायला देवांनी आम्हाला तीनच दिवस ठेवलेत. एकवीस तारखेचा रविवार पक्का केला.

अनंता अंगणात कोयत्याला धार लावत होता. मी म्हटलं, "एकवीसला संध्याकाळी जेवायला यायचं. मी करणार."

"का?"

"का म्हणजे? जेवायला."

"बेत काय हाय?"

"जिताडा. तीन वर्षांचा. अख्खा, जाळीवर."

त्याचा हात थांबला. आत त्याची बायको सोनूबाई भांडी घासत होती, तिचाही आवाज थांबला. माझ्या कानांतून असलं सुटत नाही. दोघं नुसते अवाक झाले.

"जिताडा," अनंता म्हणाला. मग पुन्हा धार लावायला लागला. "यीन. गुणाजीशेठनी बोलावलंय म्हनल्यावर यायला पायजे."

रावजी रिक्षाच्या सीटवरूनच हो म्हणाला. दत्तूने विचारलं, "आणखी कोण कोण येणार आहेत? बाहेरचं कोणी?" मी म्हटलं, आपण चौघंच. त्याने दोनदा विचारलं. गुरुजी माणूस, हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

बुधवार, १० मे

सराव केला. सहा बांगड्यांपैकी दोन खाण्यासारखे निघाले. उरलेले चार तर मांजरांनीही विचार करून खाल्ले.

पण एक शोध लागला. मासा जाळीवर ठेवला की आधी चरचर असा ओला आवाज येतो. तेव्हा तो सळ्यांना धरून असतो, उलटायला गेलं की फाटतो. थोड्या वेळाने आवाज कोरडा होतो, बारीक टिकटिक येते. तेव्हा कालथा घातला की आपणहून सुटून येतो. म्हणजे हेही इंजिनच आहे. कमळाला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "हे मला चौदाव्या वर्षी ठावं होतं. म्हनून कोनाला बोलवून ऐकवलं न्हाई."

शिवानी, माझी सून, सुट्टीला आलीय. तिने मोबाइलवर मेन्यूकार्ड केलं. "पप्पा, हे आपण प्रिंट करून घेऊ, चार प्लेट्सवर चार." वर लिहिलंय, 'गुणाजी स्पेशल'. मी आधी नको म्हटलं. मग अक्षर थोडं मोठं कर म्हटलं.

शुक्रवार, १२ मे

आज वाईट झालं.

सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. तोंडाला फेस, मान मागे. बाहेर रावजीची रिक्षा येऊन थांबली. तो कोणाशी तरी बोलत होता. रस्त्यावर ट्रक चालू होता, दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नसतं.

"गुणाजीशेठ जिताडा घालतोय," तो दुसरा म्हणत होता. "अनंताला. मग काम मोठंच असनार."

"खाडीकडची अडीच एकर," रावजी म्हणाला. "त्या बोटवाल्याला पायजे. गाडीतनं कोन उतरलं ते बघितलं न्हाईस का?"

"तू जानार?"

"जानार. अनंताला एकटा कसा सोडू? पन माझं खानं मी नेनार. उद्या बोलायला नको, माझा जिताडा खाल्लास म्हनून."

न्हावी म्हणाला, "शेठ, हलू नका." मी हललोच नव्हतो.

घरी येऊन तासभर तळ्याच्या काठावर बसलो. चाळीस वर्षांच्या वरची ओळख. एकाच ताटात जवळा-भाकरी खाल्लेली माणसं. आणि मी त्यांना दलाल दिसतो.

कमळाला सगळं सांगितलं. माझं काही काम नाही त्यांच्याकडे, मी म्हटलं, एवढंही त्यांना कळू नये? जिताडा काय मी मतलबाने घालतोय?

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काम हायेच की तुमचं त्यांच्याकडं."

"कसलं काम?"

तिने सुपातला खडा काढून टाकला. काय म्हणायचं होतं तिला कळत नाही. तिला जमिनीतलं काही समजत नाही.

शुक्रवार, १९ मे

सात दिवस लिहिलं नाही. जिताडा रद्द करून साधे बांगडे करावेत असं तीनदा ठरवलं. पण मग म्हणतील, उघडा पडला म्हणून घाबरला. शिवाय मासा काय पाप करून बसलाय? जिताडाच होणार. आणि पाहुणे बसले की पहिल्याच वाक्याला स्वच्छ सांगून टाकायचं, माझं तुमच्याकडे काहीही काम नाही. इंजिन बिघडलं की झाकण उघडायचं, वर रंग मारत बसायचं नाही.

बेत असा. आधी जाळीवर भाजलेल्या कैरीचं पन्हं. मग पांढरा कांदा सालासकट निखाऱ्यात. वांगी, केळीच्या पानात कोलंबी, मग जिताडा. त्याला हिरवी मिरची, आलं, लसूण, कोकमाचं आगळ. तांदळाची भाकरी मात्र कमळाची. तेवढी एक सवलत घेतली.

कव्हर घातलेल्या चार खुर्च्या मंडपवाल्याला सांगितल्यात. कोणाला जागचं उठू द्यायचं नाही. एक पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही.

सोमवार, २२ मे

काल झालं. सगळं लिहून ठेवतो, कारण असं पुन्हा होईल की नाही माहीत नाही.

दुपारी जाळं टाकून जिताडा काढला. साडेचार किलो. करवंटीचा कोळसा पाच वाजता पेटवला, सहाला वर राखेची साय धरली. जाळीला खोबरेल लावलं तेही कापलेल्या कांद्याने घासून. सगळं नेमकं चाललं होतं.

तिघं एकत्रच आले, रावजीच्या रिक्षातून. प्रत्येकाच्या हातात पिशवी. रावजीचे सुके बोंबील, दत्तूची पांढऱ्या कांद्याची माळ, अनंताच्या डब्यात निवट्या. खाडीच्या चिखलातली ती बोटभर मासोळी, आम्ही लहानपणी हाताने धरायचो.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"असू दे," रावजी म्हणाला. "रिकाम्या हातानं कसं यायचं."

पिशव्या कोणी माझ्या हातात दिल्या नाहीत. खुर्चीखाली ठेवल्या. चौघांच्या चार खुर्च्या, मेन्यूकार्ड मांडीवर, तिघं फोटो काढायला बसल्यासारखे ताठ. दत्तूने कार्ड वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, तिथे काही नव्हतं. अनंता पाण्यासाठी उठायला लागला तर मी खांदा दाबून बसवला. "आज तू पाहुणा."

जिताडा जाळीवर ठेवला आणि वळून म्हणालो, "एक गोष्ट आधीच सांगतो. माझं तुमच्याकडे काही काम नाही."

रावजीने अनंताकडे पाहिलं.

मग दत्तू म्हणाला, "अडतीस वर्षं शाळेत काढली. काच फुटल्याचं मला कळायच्या आधी जो पोरगा येऊन सांगायचा, गुरुजी मी नाही फोडली, त्याचं नाव मी वहीत लिहून ठेवायचो."

रावजी हसला. अनंता हसला नाही.

"काम न्हाई," तो म्हणाला. "मग तो बोटवाला माझ्या दारात कसा आला? गुणाजीशेठनी पाठवलंय म्हनाला. म्हनाला, शेठचा शब्द तुमी खाली पडू देनार न्हाई."

माझेच शब्द. गाडीतले.

"मी नाही पाठवला," मी म्हटलं. "ओळखतो म्हणून सांगितलं. वर थोडी बढाई मारली. पाठवला मात्र नाही."

"असंल. पन मला खरं वाटलं." अनंता माझ्याकडे न बघता निखाऱ्याकडे बघत होता. "कारन तू मानसंच पाठवतोस. खाडीचं पानी अडवायच्या बांधाला घरटी एक मानूस लागतो, तू पगारी पोरगा पाठवतोस. पोरीच्या हळदीला दत्तू मास्तर कांदा चिरत होता, रावजी चुलीपाशी होता. तुझी तीन मानसं आली आनि तू खुर्चीवर. सोनू म्हनाली, गुणाभाऊजी पाहुन्यासारखे आले. मग आता जिताडा आनि हा बोटवाला. मी म्हनलं, ह्येबी पाठवलंच असंल."

टेम्पो, बर्फ, जनरेटर, सगळं आठवलं आणि त्यातलं एकही सांगता येईना.

"आवाज ऐक," अनंता एकदम म्हणाला.

मी, ज्याने कमळाला बोलावून माशाचा आवाज ऐकवला, त्याला जिताड्याचा आवाज कोरडा होऊन करपायला लागल्याचं कळलं नव्हतं. मी कालथा घेऊन धावलो. साडेचार किलोचा मासा एका कालथ्याने उलटत नाही, हे सरावात कळलं नव्हतं, कारण सरावाला बांगडे होते. शेपटीकडून फाटायला लागला.

"थांब. थांब रं," अनंता उठला. खुर्ची मागे पडली. "रावज्या, तिकडनं धर. भाकरीचा उलथना आन. मास्तर, नुसते बघू नका, वारा घाला, हिकडची बाजू इझतेय."

दत्तूने 'गुणाजी स्पेशल'ने वारा घालायला सुरुवात केली. कार्ड जाड होतं, चांगलं चाललं. दोन बाजूंनी दोघांनी उलथणी घातली, मी मध्ये ओला फडका धरून हात दिला, आणि जिताडा अख्खा उलटला. एक बाजू काळी, पण मोडला नाही.

"कोळसा एवढा कोन भरतं?" रावजी म्हणाला. "लाँच चालवायचीय का?"

"जाळी बाकी चांगली हाय," अनंता म्हणाला. त्याने वाकून वेल्डिंग बघितलं, पायाची चावी फिरवून जाळी चार बोटं वर केली. न विचारता. "हां. आता बसा."

कोणी खुर्चीवर बसलं नाही. जाळीभोवती उकिडवे बसलो. अनंताने डबा उघडून निवट्या कडेला टाकल्या. रावजीचे बोंबील निखाऱ्यावर पडले आणि त्या वासाने कमळा आणि शिवानी बाहेर आल्या. कांदे चिरायला मी बसलो. दत्तू म्हणाला, जाड चिरतोस. मी म्हटलं, मास्तर, तुमची माळ, तुम्हीच चिरा. त्याने खरंच विळी ओढून घेतली.

करपलेली कातडी आपोआप निघाली. आतला मासा पांढराशुभ्र, आगळाची आंबट चव हाडापर्यंत गेलेली. काटे चोखल्याचा आवाज सगळ्यांचा सारखाच होता. मी ऐकून सांगतो.

मग अनंता बोटं चाटत म्हणाला, "त्या बोटवाल्याला काय सांगनार?"

"सांगेन, अनंताच्या दारात माझं नाव घेऊन जायचं नाही. नाहीतर बोट दुसरीकडे न्या."

"सांगेन न्हाई. सांग."

मी फोन लावला. स्पीकरवर. शेठ म्हणाला, "अरे गुणाजीभाई, बोला." मी बोललो. तो म्हणाला, "एवढ्याशासाठी एवढं चांगलं गिऱ्हाईक सोडता?" मी म्हटलं, "इंजिनं खूप आहेत." आणि ठेवून दिला.

रावजी म्हणाला, "आवाज कापत होता तुझा."

"धुराने," मी म्हटलं.

साडेनऊला निघाले. तीन वेळा दत्तू "निघू या" म्हणाला आणि तीन वेळा त्यानेच आणखी एक बोंबील घेतला. रिक्षात बसताना अनंता म्हणाला, "शनवारी भांगाची भरती हाय, पानी कमी चढंल. सकाळी सहाला बांधावर ये. मानूस पाठवू नको."

कमळा रात्री म्हणाली, "झालं का काम?" आता तिच्या बोलण्याचा थोडा अंदाज आला. पण तिला तसं सांगितलं नाही.

शनिवार, २७ मे

पेन नीट धरता येत नाही, म्हणून थोडक्यात.

पावणेसहाला बांधावर होतो. माझ्याआधी फक्त अनंता होता. खाडीचं पाणी बरंच खाली गेलेलं. सत्तावीस माणसं, घरटी एक, ओळीने उभी. खालून चिखलाची ढेकळं हातोहात वर यायची आणि बांधाच्या खिंडारात बसायची. मी रावजी आणि अनंताच्या मध्ये. रावजी मुद्दाम मोठी ढेकळं माझ्याकडे द्यायचा. नऊ वाजता मी कमरेवर हात ठेवला तर ओळीतून कोणीतरी म्हणालं, "शेठचं इंजिन गरम झालं." सगळा बांध हसला. मीही हसलो आणि तेवढ्यात दम खाऊन घेतला.

दहाला सोनूबाईने चहा आणला. सगळ्यांना स्टीलचे पेले दिले आणि मला एकट्याला कपबशी. अनंताने ती माझ्या हातातून काढून घेतली, स्वतःचा अर्धा प्यालेला पेला मला दिला आणि बशीत चहा ओतून स्वतः प्यायला. पुन्हा ओळीत उभं राहायची वेळ झाली होती.

साडेअकराला खिंडार बुजलं. त्यातली निदान दीडशे ढेकळं माझ्या हातातून गेलीत. कुठली ते मला दाखवता येईल.

दोन्ही तळहातांना फोड आलेत, उजव्याला तीन, डाव्याला दोन. कमळा खोबरेल आणि हळद घेऊन आली, म्हणाली पट्टी बांधते. मी म्हटलं, पट्टी नको. उद्या रविवार आहे, बाजारात जायचंय. हात जरा उघडे असू देत.